साडेतेवीस तास उभी असणारी सायकल

आमच्या चाळीचा जिना लाकडी आहे. चौदा पायऱ्या तो सरळ चढतो आणि मग काहीतरी विसरलेलं आठवल्यासारखा एकदम डावीकडे वळतो. माझी पहिली सायकल या वळणावर अडकली.

दुकानात तिच्याकडे बघून मी पाघळलो होतो. एकवीस गिअर, पुढे स्प्रिंगचा फोर्क, डोंगर चढायला निघाल्यासारखे खाचांचे जाड टायर आणि कवेत घ्यावं इतकं रुंद हँडल. ते हँडल जिन्याचा कठडा आणि भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखं बसलं. सायकल वर जाईना, खाली येईना. वरून शेजारच्या काकू दूध आणायला निघालेल्या. दोन मिनिटं थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू तरी वर ये, नाहीतर तिला तरी खाली ने." मी तिला खाली नेली. ती चौकात राहिली, पहिला पाऊस तिने तिथेच अंगावर घेतला आणि गणपती येईपर्यंत तिच्या एकवीस गिअरांपैकी तीनच चालत होते.

गिरगावातल्या ठाकूरद्वारहून फोर्टमधलं माझं ऑफिस तीन किलोमीटरच्या आत आहे. जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने धोबीतलाव, मेट्रो सिनेमावरून आझाद मैदानाच्या कडेने महापालिकेपर्यंत आणि मग आतल्या गल्ल्यांत. सिग्नल धरून पंधरा मिनिटं. जायची पंधरा, यायची पंधरा. म्हणजे दिवसातला अर्धा तास मी सायकलवर असतो आणि उरलेले साडेतेवीस तास ती कुठेतरी उभी असते. दुकानात मात्र सगळी चर्चा त्या अर्ध्या तासाची चालते: वेग किती, गिअर किती, सीट कुठल्या कंपनीची. कामावर जायची सायकल निवडताना मी आता हे उलटं करतो. ती उभी कुठे राहणार, हे आधी. चालणार कशी, हे नंतर.

गिरगावात सायकलला रात्री मुक्कामाला चारच जागा असतात. जिन्याखाली, चौकात, गॅलरीत किंवा घरात. जिन्याखालची जागा सगळ्यात चांगली, पण तिथे विजेचे मीटर, कुणाची तरी जुनी पिंपं आणि मंडळाचे बांबू आधीपासून नांदत असतात. ती मिळाली तर वजनाचा विचारच करू नका, दणकट सायकल घ्या आणि सुखी व्हा. चौकात ठेवायची असेल तर ऊनपाऊस सोसणारी, कमीत कमी सुट्या भागांची आणि चोराला फारसा मोह न घालणारी हवी. गॅलरीत न्यायची तर जिना आला, आणि ती वाट सगळ्यांची, म्हणून तिथे आडवी लावायची नाही. वरच्या वाशाला आकडा मारून टांगायची. दहा बाय बाराच्या खोलीत ठेवायची असेल तर घडीच्या सायकलीशिवाय घरचे ऐकून घेणार नाहीत.

वजनाबद्दल एक गैरसमज आहे. हलकी सायकल पळते छान, म्हणून ती घ्यायची, असं लोक समजतात. सपाट रस्त्यावर तसं फारसं काही नसतं. माणूस सत्तर-पंचाहत्तर किलोचा; त्यात सायकल पंधराची की वीसची याने एकूण ओझ्यात पाच-सहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि एकदा चाक फिरू लागलं की तो पायाला जाणवतही नाही. तेच पाच किलो जिन्यात खांद्यावर आले की बरोबर जाणवतात. जुन्या पद्धतीची काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, कधी जास्तच. स्वस्तातली स्प्रिंगवाली गिअरची सायकल सोळा-अठरा. साधी, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची शहरी सायकल तेरा ते पंधरा. दुकानदाराच्या आकड्यावर विसंबू नका. एका हाताने सायकल उचला, दुकानाची पायरी दोनदा चढा-उतरा आणि हँडलची रुंदी टेपने मोजा. मी तर पुढची सायकल घेण्याआधी आमच्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मित्राच्या दोन सायकली वजन करून बघितल्या होत्या. रद्दीवाल्याला वाटलं मी विकायला आणल्यात. त्याने भावही सांगितला.

स्प्रिंगच्या फोर्कबद्दल इथेच सांगून टाकतो. महागड्या सायकलीत तो कामाचा असतो. स्वस्त सायकलीत तो दीड-दोन किलो लोखंड वाढवतो, पायाचा जोर थोडा आपल्याकडे ठेवून घेतो आणि दोन पावसाळ्यांत गंजून आखडतो. मग तो साध्या फोर्कसारखाच कडक होतो, फक्त जड.

आता गंजाकडे वळू. ठाकूरद्वारपासून समुद्र पाच-सात मिनिटांच्या चालीवर. संध्याकाळी बॅकबेवरून येणारा वारा आपल्याला आवडतो, चेनला नाही. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, पण पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंज चढायचं काम कितीतरी झपाट्याने होतं. त्यावर पावसाळा. कुलाब्याच्या वेधशाळेत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चौकात ठेवलेल्या सायकलीची चेन ऑगस्टमध्ये दोन दिवस हलवली नाही तर तिसऱ्या दिवशी विटकरी रंगाची होते.

म्हणून सायकल घ्यायला जाताना खिशात लहानसं लोहचुंबक ठेवा. फ्रीजला लावायचं चालेल. ते रिमला लावा. चिकटलं तर रिम लोखंडी, वरून क्रोमची झिलई. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. मग चाकाच्या तारांना लावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या तारेला ते चटकन धरतं, स्टेनलेसच्या तारेला जेमतेम. हँडल, सीटचा दांडा आणि कॅरिअरलाही लावून बघा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, पण भाव सांगताना सांभाळून बोलतो. लोखंड सगळंच वाईट असं नाही. सांगाडा लोखंडी असला आणि रंग शाबूत असला तर तो तुमच्या नातवापर्यंत टिकेल. क्रोमच्या झिलईला मात्र बारीक छिद्रं पडतात, खारी हवा त्यातून आत शिरते आणि वरून चकचकीत दिसणारी रिम आतून पापुद्रे सोडू लागते.

गिअरांचंही तेच. मागच्या चाकाशी लोंबणारं ते चेन सरकवणारं यंत्र, ज्याला डिरेलर म्हणतात, उघड्यावर काम करतं. चिखल, पाणी, मीठ सगळं त्याच्या अंगावर. त्याला दर आठवड्याला पुसून तेल घालणारा माणूस मी नाही, हे मला त्या पहिल्या पावसाळ्यात कळलं. तुम्ही तसे असाल तर तुम्हाला माझा नमस्कार.

कामाची सायकल कशी असते हे बघायचं तर सकाळी नाक्यावर उभं राहा. सहाच्या सुमारास पाववाला येतो, मागे भला थोरला करंडा बांधलेला. मग इडलीवाला, भोंगा वाजवत. नऊच्या पुढे गॅसवाला. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि टाकीचं वजन साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात. दोन्ही बाजूंना आकड्यांनी चार लटकवले की झाले एकशेवीस. तो बहुतेक वेळा सायकलवर बसतच नाही, हाताने ढकलतो. त्याची सायकल म्हणजे गल्लीत मावणारी हातगाडी आहे. अकरा वाजून गेले की चर्चगेटच्या बाजूला डबेवाले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेली ही माणसं १८९० पासून हे काम करतायत. डबे लोकलने येतात आणि स्टेशनाबाहेर हँडलला, कॅरिअरला, मधल्या दांड्याला पिशव्या लटकवलेल्या सायकलींवर चढतात.

या सगळ्यांच्या हातात एकच सायकल असते. काळी, २८ इंची चाकांची, दांड्याच्या ब्रेकची. तिचा मूळ नकाशा फार जुना. १८८५ साली इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्लीने दोन जवळजवळ सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेनने फिरवणारी 'रोव्हर' बाजारात आणली. तीन वर्षांनी डनलॉपचा हवेचा टायर आला. त्यानंतर बदललं ते तपशिलातच. आपल्याकडे ती आधी विलायतेहून यायची, मग इथे बनू लागली, आणि त्यात मुंबई मागे नव्हती. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्याच्या आधीपासून होता. पुढे तो डबघाईला आला आणि १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. कारखाना गेला, पण वरळीत हिंद सायकल रोड अजून आहे. त्या रस्त्यावर राहणाऱ्या किती जणांना त्या नावाचा अर्थ ठाऊक असेल, देव जाणे. तिकडे उत्तरेत ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी.

तर ही काळी सायकल. तिच्याकडे जवळून बघितलं की तिच्यातल्या प्रत्येक जुनाट वाटणाऱ्या गोष्टीला कारण सापडतं. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण माणूस आणि ओझं दोन्ही मागे बसतं. पुढचा फोर्क बराच पुढे वळवलेला आणि दोन चाकांमधलं अंतर लांब, त्यामुळे खड्ड्यातला दणका थेट मनगटात येत नाही. स्प्रिंगचं काम तो बाक करतो. मागचा स्टँड दोन पायांचा, चाक उचलून धरणारा. एका बाजूच्या काडीच्या स्टँडवर सायकल लावून कॅरिअरवर पिशवी बांधून बघा, म्हणजे त्याचं मोल कळेल. पूर्ण चेनकव्हर पँटचा पाय वाचवतं आणि चेनही. मडगार्ड खालपर्यंत आलेले. माझ्या पहिल्या सायकलीला ते नव्हतेच, 'स्पोर्टी' दिसावी म्हणून. पहिल्या पावसात माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा उठला होता आणि तो घेऊन मी दिवसभर ऑफिसात फिरलो, कारण पाठीवरचं आपल्याला दिसत नाही आणि ऑफिसातले लोक सांगत नाहीत.

मग सगळ्यांनी ही काळी सायकलच घ्यावी का? मी घेतली होती. म्हणजे विकत नाही. चौकात वडिलांची होती, तिच्यावर तेल-पाणी करून वर्षभर चालवली. तिचा एक दोष तिने मला जुलै महिन्यात धोबीतलावच्या सिग्नलला दाखवला. दांड्याच्या ब्रेकमध्ये रबराचे ठोकळे रिमला आतल्या बाजूने वर खेचले जातात. कोरड्या दिवशी ठीक. पण क्रोमच्या गुळगुळीत रिमवर पाणी आलं की रबर धरतच नाही, थांबायला लागणारं अंतर कित्येक पटींनी वाढतं. मी दोन्ही हातांनी ब्रेक आवळले, सायकल शांतपणे पुढे जात राहिली आणि एका टॅक्सीच्या मागच्या बंपरला टेकून थांबली. टॅक्सीवाला उतरला, बंपर बघितला, मग माझे ब्रेक बघितले आणि म्हणाला, "ये तो मेरे बाप के जमाने का है." भांडण तिथेच संपलं.

बरं, नुसते ब्रेक बदलून भागत नाही. त्या रिमची कडच वेगळ्या घडणीची असते, बाजूने चिमटा घेणाऱ्या ब्रेकला तिथे सपाट जागा मिळत नाही. ब्रेक बदलायचे तर रिमही बदला. ॲल्युमिनियमची रिम आणि बाजूने दाबणारे व्ही-ब्रेक ही जोडी भिजली तरी रबर एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसून काढतं आणि मग धरतं. डिस्कब्रेक पावसात त्याहून चांगले, कारण चकती हबाजवळ असते, तिथे डबक्याचं पाणी सहसा पोचत नाही. पण स्वस्त डिस्कब्रेक घासतात, कुरकुरतात आणि ते नीट लावून देणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर नसतो. रोजची वाट सपाट असेल तर व्ही-ब्रेक पुरे. उताराची असेल तर डिस्कला पैसे घाला.

आणि आपली वाट सपाटच आहे. मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, केळेवाडी ही नावंच सांगतात की इथे वाड्या आणि भाटं होती. गिरगाव हे गिरीच्या पायथ्याचं गाव, गिरी तो मलबार हिल, आणि तिथे कामाला जाणारे आपल्यात थोडे. फोर्ट, चर्चगेट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंट, मशीद बंदर, सगळं तळहातासारखं. एक गिअर पुरतो. हिशेब बघा. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्या फ्रीव्हीलला १८. पॅडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, आणि २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आतबाहेर, म्हणजे एका फेरीत सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या, हा आरामाचा ताल, धरला की ताशी १९-२० किलोमीटर. गिरगावच्या गर्दीत त्याहून जास्त वेग कुणाला हवाय?

उलट मला तो जास्तच वाटला. दर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना गुडघ्यावर जोर येतो. मग एका मिस्त्रीने सांगितलं, "फ्रीव्हील बदला, बाविसाची टाका." ४४ ला २२ म्हणजे एका फेरीत साडेचार मीटरच्या जवळपास. सुटायला हलकी, वेगात थोडी मंद. नवा फ्रीव्हील आणि चेनच्या दोन कड्या, पंधरा मिनिटांचं काम. एकवीस गिअरांची सायकल घेण्याआधी हा उपाय करून बघावा. ज्यांची वाट रोज केम्प्स कॉर्नर किंवा वाळकेश्वरच्या चढावरून जाते त्यांना गिअर हवेतच. त्यांनी पुढे एक चक्र आणि मागे सात, एवढ्यावर थांबावं. हबाच्या पोटातच गिअर बसवलेली सायकलही असते. इंग्लंडच्या स्टर्मे-आर्चरने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणली आणि पावसाळी गावाला तिच्यासारखं दुसरं काही नाही, कारण सगळं यंत्र ग्रीसमध्ये बंद. आपल्या बाजारात ती सहज मिळत नाही, हे आपलं दुर्दैव.

दादर-परळकडे कामाला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते अंतर सात-आठ किलोमीटर, वाटेत पूल, आणि पावसाळ्यात हिंदमाताला तुंबणारं पाणी. चाकाचा आस जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटर वर असतो, पॅडलचा आस त्याहून थोडा खाली. तेव्हा वीतभर पाण्यातून खुशाल जा. हातभर पाणी दिसलं तर मात्र आस बुडालाच समजा. छऱ्यांमधलं ग्रीस धुऊन जातं आणि त्या जागी गटाराची वाळू बसते. चाक फिरवताना करकर ऐकू आली की हब उघडायलाच हवा. पाण्याखाली झाकण निघालेलं मॅनहोल असू शकतं हे मुंबईकराला सांगायला नको.

टायरची गंमत अशी की बारीक टायर वेगवान असतो हे खरं, आणि मुंबईत तो काही उपयोगाचा नाही हेही खरं. पावसाचं पाणी वाहून न्यायला रस्त्याकडेला जी लोखंडी जाळी असते, तिच्या फटी काही ठिकाणी रस्त्याच्याच दिशेने असतात. पेव्हर ब्लॉक खचले की त्यांच्यातही तशाच फटी पडतात. ट्रामच्या काळात, म्हणजे १९६४ पर्यंत, सायकलचं चाक रुळाच्या खाचेत अडकायचं असं जुनी माणसं सांगतात. रूळ गेले, खाचा राहिल्या. ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा टायर घ्या, खाचा उथळ असलेला. डोंगरी गुट्ट्यांचा नको, तो डांबरावर घरघरतो आणि दमवतो. टायरच्या कडेला ३७-६२२ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ते वहीत लिहून ठेवा. '२८ इंची' म्हटलं की दुकानदार दोन-तीन वेगवेगळी मापं काढतो: काळ्या सायकलीचं ६३५ असतं, हायब्रिडचं ६२२, आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

ट्यूबचा व्हॉल्व्हही बघा. कुणीच बघत नाही. काळ्या सायकलीचा रबरी नळीचा व्हॉल्व्ह सायकलवाल्याच्या हातपंपावर चालतो, पण असे सायकलवाले आता कमी झालेत. शर्यतीच्या सायकलींचा बारीक, स्क्रूचा व्हॉल्व्ह रस्त्यावरच्या कुठल्याच पंपाला लागत नाही. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह घ्या, म्हणजे कुठलाही पंक्चरवाला कॉम्प्रेसरने अर्ध्या मिनिटात हवा भरून देतो. फक्त त्याला सांगा, हळू.

सीटची उंची बरोबर आहे की नाही हे बघायची युक्ती अशी. सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र कलता कामा नये. मग चालवताना पंजा पॅडलवर ठेवलात की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. आपल्याकडे निम्मे लोक फार खाली बसून चालवतात आणि सायकलने गुडघे दुखतात म्हणून सोडून देतात.

ताठ बसवणारी सायकल घ्या. वाकून बसलं की वाऱ्याचा विरोध कमी होतो, पण बारा-पंधराच्या वेगाला वारा असतोच किती? ताठ बसलं की उभ्या टॅक्सीच्या काचेतून आतलं डोकं दिसतं, आणि दार उघडणार की नाही याचा अंदाज येतो. तरीही उभ्या गाड्यांपासून हातभर लांबूनच जावं. घामाचंही तसंच. वेग वाढेल तशी लागणारी ताकद त्याच्या कितीतरी पटीने वाढते आणि ती सगळी शर्टावर दिसते. पाच मिनिटं आधी निघा. पाठीवर बॅग घेऊ नका; कॅरिअरला लावा. माझा निम्मा घाम पाठीवरच्या बॅगेचा होता.

आता एक वादाचा मुद्दा. मधला दांडा नसलेली, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो, ती कामावर जायला पुरुषांनाही जास्त सोयीची असते. कॅरिअरवर बॅग, छत्री, येताना भाजी. त्यावरून पाय मागून टाकायचा म्हणजे कसरत. दांडा नसला की पटकन उतरता येतं, आणि गिरगावच्या गर्दीत पटकन उतरणं हे ब्रेकइतकंच महत्त्वाचं. हॉलंडमध्ये सुटाबुटातले पुरुष अशा सायकलींवर ऑफिसला जातात. आपल्याकडे आड येतो तो पुरुषी ताठा. पण माझ्यापुरती एक अडचण खरी निघाली: मधला दांडा नसेल तर जिन्यात सायकल खांद्यावर घ्यायला काहीच हाताशी लागत नाही. जिन्याने पुन्हा माझा निर्णय फिरवला. दांड्याचीच घेतली.

घडीच्या सायकली आणि बॅटरीच्या सायकली यांचा मला मोह झाला नव्हता असं नाही. घडीची वीस इंची चाकांची सायकल टेबलाखाली मावते; छोटं चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, तेवढी तिची किंमत मोजावी लागते. बॅटरीच्या सायकलीला मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही, लायसन्स लागत नाही. दादर-परळच्या अंतराला ती शोभते. पण वजन वीसच्या पुढे, आणि बॅटरी काढून वर नेता येत नसेल तर चार्जिंगसाठी अख्खी सायकलच जिना चढणार. तीन किलोमीटरला मला ते पटलं नाही.

दिवसाची जागा हा निराळाच प्रश्न. फोर्टमधल्या इमारतींत मोटारीला पट्टे आखलेले असतात, सायकलला नाही. आमच्याकडे तर लेखी अर्ज केला होता; उत्तर आलं की सायकल या वाहनासाठी धोरण नाही. शेवटी धोरण वॉचमनने ठरवलं: पाण्याच्या टाकीमागे, कठड्याला साखळी घालून. मागच्या चाकावरचं नालाच्या आकाराचं कुलूप असतंच, पण ते सायकल उचलून नेण्यापासून वाचवत नाही, म्हणून साखळी हवी. ती सांगाड्यातून आणि चाकातून, दोन्हीतून घाला. सीट एका खटक्याने निघणारी असेल तर तो खटका काढून साधा बोल्ट बसवा.

सायकलच्या वेगळ्या वाटा होईपर्यंत थांबू, असं म्हणणारे भेटतात. बीकेसीत २०११ च्या सुमारास झालेल्या सायकल ट्रॅकवर मोटारीच उभ्या राहिल्या आणि पुढे रस्ता रुंद करायला तो काढायचं ठरलं. २०१७ च्या डिसेंबरात मरीन ड्राइव्हवर रविवारी सकाळी सायकलींसाठी मार्गिका राखून ठेवायला सुरुवात झाली होती. छान होतं ते, पण रविवारी सकाळी ऑफिस नसतं. कोस्टल रोडवर सायकलला मज्जावच. मी थांबलो नाही. आतल्या गल्ल्या मोटारींना आवडत नाहीत, म्हणून मला आवडतात.

शेवटी घेतली ती साधी आहे. लोखंडी सांगाडा, ॲल्युमिनियमच्या रिम, स्टेनलेसच्या तारा, व्ही-ब्रेक, एकच गिअर, मागे वीस दातांचा फ्रीव्हील, ३८ चे टायर. मडगार्ड, कॅरिअर, दोन पायांचा स्टँड आणि चेनकव्हर मागाहून बसवून घेतलं, कारण तयार सायकलीत हे सगळं एकत्र मिळेना. रद्दीवाल्याच्या काट्यावर पंधरा किलो चारशे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. मी त्याआधीच घेऊन बसलो होतो, हे आमच्या घरात अधूनमधून निघतं.

वर्षातून एकदा तिचं पूर्ण ओव्हरहॉलिंग होतं, पावसाळा सरल्यावर, खंडेनवमीच्या दोन दिवस आधी. मिस्त्री चौकात पोतं अंथरतो, दोन्ही हब उघडून छरे रॉकेलच्या वाटीत टाकतो, काळं ग्रीस बोटाने पुसून नवं भरतो. मग चाक उलट्या सायकलवर फिरवून, रिमजवळ खडू धरून आउट काढतो. खडूची रेघ जिथे उठते तिथे त्या बाजूची तार ढिली करायची, समोरच्या बाजूची कसायची. खंडेनवमीला तिला धुऊन, हँडलला झेंडूची माळ आणि दसऱ्याला आपट्याचं पान. मागच्या वर्षी काकू वरून बघत होत्या. म्हणाल्या, "माळ काढूनच वर आण हो. वळणावर पाकळ्या पडतात."